पायी चालणाऱ्याचा गुन्हा

दुबई बघून परत गेलेल्या मराठी माणसाची तीन वाक्ये ठरलेली असतात. पहिले: "रस्ते असे की पोटातले पाणी हलत नाही." दुसरे: "काय ती शिस्त! आठ दिवसांत हॉर्न ऐकला नाही." आणि तिसरे: "आपल्या लोकांना असाच सणसणीत दंड पाहिजे, त्याशिवाय सुधारायचे नाहीत." पहिल्या दोन वाक्यांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तिसऱ्याबद्दल आहे, आणि ती जरा सविस्तर मांडावी म्हणून हा लेख.

मी अबुधाबीत राहतो. एका संशोधन संस्थेत इंजिनीअर आहे. रस्ते हा माझ्या पगाराचा विषय नाही. पण डेल्फ्टला पीएचडी करताना साडेचार वर्षे सायकल आणि दोन पाय एवढ्यावर काढली, आणि इथे गाडी असूनही रोज संध्याकाळी चालतो. शिवाय आमच्या धंद्यात एक साधा नियम शिकवतात. एखादे यंत्र एका माणसाच्या हातून एकदा बिघडले तर माणसाकडे बघा. शंभर माणसांच्या हातून शंभर वेळा तसेच बिघडले तर यंत्राकडे बघा. हा नियम आपण पंख्याला लावतो, पंपाला लावतो. रस्त्याला मात्र लावत नाही.

आधी इथला कायदा काय म्हणतो ते पाहू. नेमून दिलेली जागा सोडून रस्ता ओलांडला तर २०१७ च्या नियमांपासून ४०० दिरहम दंड आहे. इथले सगळे देशी लोक दंडाला अरबी शब्दच वापरतात, मुखालफा. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा संघीय वाहतूक कायदा जाहीर झाला आणि २९ मार्च २०२५ पासून तो लागू झाला. त्यात हे कलम बरेच कडक केले आहे. भलत्या जागी रस्ता ओलांडल्याने अपघात झाला तर कैद आणि ५,००० ते १०,००० दिरहम दंड. रस्त्याची वेगमर्यादा ताशी ८० किमी किंवा त्याहून जास्त असेल तर शिक्षा आणखी वर जाते: कमीत कमी तीन महिने कैद आणि कमीत कमी १०,००० दिरहम दंड, किंवा या दोन्हींपैकी एक.

आता हा दंड भरणारा कोण, याचा विचार करा. ज्याच्याकडे गाडी आहे तो रस्ता चालत ओलांडायला जातोच कशाला? तो तळघरात गाडीत बसतो आणि मॉलच्या तळघरात उतरतो. रस्ता ओलांडतो तो साइटवरचा मजूर, हॉटेलातला वेटर, बसमधून उतरून समोरच्या इमारतीत कामाला जाणारी बाई, पलीकडच्या बकाल्यातून (म्हणजे आपले किराणा दुकान) दूध-पाव आणायला निघालेला वॉचमन. यातले बहुतेक आपल्याच भागातले: केरळचे, बिहारचे, पाकिस्तानचे, बांगलादेशचे, नेपाळचे, आणि क्वचित कोकणातले. महिना हजार-बाराशे दिरहम मिळवणाऱ्याला ४०० दिरहम म्हणजे दहा-बारा दिवसांची कमाई. १०,००० दिरहम म्हणजे जवळजवळ वर्षभराचे घरी पाठवायचे पैसे. आणि तीन महिने कैद झाली तर नोकरी राहील का, याचे उत्तर तुम्हीच द्या.

यावर तुम्ही म्हणाल की, अहो, त्याच्याच भल्यासाठी आहे ना हे? जीव गेला तर काय करायचे त्या पैशांचे? बरोबर आहे. जीव जातो हे खरेच आहे. दुबई पोलिसांच्या आकड्यांनुसार २०२३ साली असा रस्ता ओलांडताना दुबईत ८ माणसे गेली आणि ३३९ जखमी झाली. त्याच वर्षी या गुन्ह्यासाठी ४४,००० हून अधिक लोकांना दंड झाला.

माझा सगळा युक्तिवाद या ४४,००० वरच उभा आहे. एका शहरात वर्षाला चव्वेचाळीस हजार वेळा, म्हणजे रोज सरासरी एकशेवीस वेळा, माणूस दंडाची भीती असताना आणि समोरून मरण येताना दिसत असतानाही त्याच ठिकाणी रस्ता ओलांडतो. याला बेशिस्त म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण हे शहर तेच आहे जिथे हाच माणूस मेट्रोच्या रांगेत उभा राहतो, डब्यात खात नाही, बिनतक्रार कार्ड टॅप करतो. मग फक्त रस्त्याच्या कडेला आल्यावरच त्याची शिस्त कुठे जाते?

जरा हिशेब करू. समजा, एका मोठ्या रस्त्याच्या बाजूला बसस्टॉप आहे आणि तुमचे काम बरोबर समोर आहे. ओलांडायची अधिकृत जागा ६०० मीटरवर आहे. म्हणजे ६०० मीटर जायचे, ओलांडायचे आणि ६०० मीटर परत यायचे. माणूस साधारण सेकंदाला १.२ मीटर चालतो (सिग्नलची वेळ ठरवताना इंजिनीअर हाच वेग धरतात). १,२०० मीटरला लागली १,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ सतरा मिनिटे. सरळ ओलांडले तर ४० मीटरचा रस्ता अर्ध्या मिनिटात पार होतो. जुलैमधल्या चाळीसच्या वर गेलेल्या उन्हात, हातात पिशव्या घेऊन, अर्ध्या मिनिटाऐवजी सतरा मिनिटे चालायचे. आणि रोज दोनदा. गाडीवाल्याला एवढ्याच अंतराचा वळसा पडला तर ताशी साठच्या वेगाने त्याची ७२ सेकंद जातात, तीही एसीत. तरी गाडीवाला यू-टर्न लांब आहे म्हणून नगरपालिकेच्या नावाने बोटे मोडतो.

म्हणजे वळशाचा भार ज्याला सर्वांत जड, त्याच्यावरच आपण तो टाकला, आणि त्याने तो झुगारला की त्याला गुन्हेगार ठरवले. मराठीत पायवाट हा फार चांगला शब्द आहे. पायवाट कोणी आखत नाही, ती पायांनी पडते. शेताच्या बांधावरून, शाळेच्या मागून, देवळाच्या कडेने. हुशार गावकरी पुढे तिच्यावरच मुरूम टाकतो. ४४,००० मुखालफे म्हणजे अशा पायवाटांचा आयता नकाशा आहे. प्रत्येक दंडाला जागा आहे, वेळ आहे. ते ठिपके नकाशावर मांडले तर कुठे झेब्रा हवा, कुठे सिग्नल हवा आणि कुठला बसस्टॉप चुकीच्या जागी आहे, हे कुठल्याही कन्सल्टंटला पैसे न देता कळेल. एवढी मोलाची माहिती आपण पावती फाडून संपवतो, याचे मला इंजिनीअर म्हणून जास्त वाईट वाटते.

आता दुसऱ्या बाजूचे देणे प्रामाणिकपणे देऊन टाकतो, कारण अमिरातीतल्या लोकांनी काहीच केले नाही असे म्हटले तर ते साफ खोटे ठरेल. दुबईच्या रस्ते व वाहतूक प्राधिकरणाचे आकडे असे: २००७ साली दुबईत दर लाख लोकसंख्येमागे ९.५ पादचारी मरत होते. २०२३ साली ते प्रमाण ०.३ वर आले. सोळा वर्षांत ९७ टक्के घट. जगात कुठेही टाळ्या वाजवाव्यात अशीच ही गोष्ट आहे. तुलनेसाठी आपले बघा. २०२२ साली भारतात सरकारी आकड्यांनुसार ३२,८२५ पादचारी रस्त्यांवर मेले, रोजचे नव्वद. लाखामागे साधारण २.३. म्हणजे २००७ ची दुबई आजच्या भारताच्या चौपट वाईट होती, आणि आजची दुबई सातपट चांगली आहे.

हा आकडा शिस्तवाद्यांनी नीट वाचावा. कारण २००७ साली दुबईत पायी चालणारी माणसे कोण होती? आपलीच. आणि २०२३ साली? आपलीच. तीच गावे, तीच भाषा, तेच "बेशिस्त" पाय. माणसे बदलली नाहीत. मग बदलले काय? याच प्राधिकरणाच्या म्हणण्यानुसार २००६ साली दुबईत पादचाऱ्यांसाठी पूल आणि भुयारी मार्ग मिळून २६ होते, २०२४ साली १७७ झाले. सप्टेंबर २००९ मध्ये मेट्रो सुरू झाली आणि तिच्या स्थानकांचे एसी पादचारी पूल शेख झायेद रस्त्यावरून पलीकडे गेले. त्याआधी त्या रस्त्यापलीकडचे ऑफिस खिडकीतून दिसत असले तरी तिथे जायला टॅक्सी करावी लागे, हे जुने लोक अजून सांगतात. दंडाचा वाटा शून्य होता असे मी म्हणणार नाही. झेब्रावर पादचाऱ्याला वाट न देणाऱ्या चालकाला ५०० दिरहम आणि ६ काळे गुण बसतात, त्याचा परिणाम मी रोज बघतो: झेब्रावर पाय ठेवला की गाड्या खरेच थांबतात. पण हा दंड गाडीवाल्याला आहे, हे लक्षात घ्या. ज्याच्या हातात दीड टन लोखंड आहे त्याला दंड करणे आणि ज्याच्या हातात दुधाची पिशवी आहे त्याला दंड करणे, या एकच गोष्टी नव्हेत.

इथे थोडे भौतिकशास्त्र. अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींवरून २०११ साली एका वाहतूक सुरक्षा प्रतिष्ठानाने काढलेला हिशेब असा: गाडीची धडक ताशी ३७ किमीला बसली तर पादचारी मरण्याची शक्यता दहा टक्के. ५१ ला पंचवीस टक्के. ६८ ला पन्नास. ८० ला पंच्याहत्तर. ९३ ला नव्वद. थांबायचे अंतरही काढून बघा. चालकाला भान यायला दीड सेकंद धरला आणि रस्ता कोरडा धरला, तर ताशी ३० ला गाडी साधारण १८ मीटरमध्ये थांबते, ५० ला ३५ मीटरमध्ये, ८० ला ६८ मीटरमध्ये. म्हणजे चाळीस मीटरवर दिसलेला माणूस पन्नासच्या गाडीपुढे जिवंत राहतो. ऐंशीच्या गाडीचा त्या क्षणी जेमतेम ब्रेक लागू लागलेला असतो.

आता कायद्यातला तो ८० चा आकडा पुन्हा आठवा. ज्या रस्त्यावर पादचारी मरण्याची शक्यता सर्वांत जास्त, तिथे पादचाऱ्याला शिक्षा सर्वांत जास्त. वरवर तर्कशुद्ध वाटते. पण तो ८० चा आकडा ठरवला कोणी? पादचाऱ्याने नाही. शहराच्या मधून, दोन्ही बाजूंना दुकाने, बसस्टॉप आणि राहती घरे असलेल्या रस्त्याला ८० ची पाटी लावायची, लेन हायवेसारख्या रुंद ठेवायच्या, ओलांडायची जागा लांब ठेवायची आणि मग ओलांडणाऱ्याला तुरुंग दाखवायचा. हायवेवर पादचारी नको हे मला मान्य आहे. पण मग तो खराखुरा हायवे असू द्या. त्याच्या काठावर बसस्टॉप आणि बिऱ्हाडे नकोत. रस्ता शहराचा आणि वेग हायवेचा, हे दोन्ही एकदम चालणार नाही. जीव जातात ते नेमके अशा संकरित रस्त्यांवर.

आणखी एक गंमत ऐका. इंग्रजीत या गुन्ह्याला जेवॉकिंग म्हणतात. 'जे' म्हणजे अमेरिकी बोलीत गावंढळ, खेडवळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मोटारी आल्या तेव्हा रस्ता सगळ्यांचा होता. मुले खेळत, माणसे वाटेल तिथून जात. मोटारींखाली माणसे मरू लागली आणि लोक मोटारींवर चिडले. सिनसिनाटी शहरात तर १९२३ साली बेचाळीस हजार लोकांनी सह्या करून मागणी केली की शहरातल्या प्रत्येक मोटारीला यंत्र बसवून तिचा वेग ताशी २५ मैलांवर रोखावा. मोटारवाल्यांनी आणि मोटारी विकणाऱ्यांनी एकत्र येऊन ती मागणी मतदानात पाडली, आणि पुढे उलटा प्रचार सुरू केला: दोष मोटारीचा नाही, त्या गावंढळाला शहरात चालताच येत नाही. पीटर नॉर्टन नावाच्या इतिहासकाराने २००८ साली यावर एक आख्खे पुस्तक लिहिले आहे. म्हणजे ज्याला आपण निसर्गनियम समजतो तो शंभर वर्षांपूर्वीचा यशस्वी जाहिरातीचा डाव आहे. अमेरिकेला आता कुठे जाग येते आहे. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२३ पासून, समोर खरा धोका नसेल तर, असे ओलांडणाऱ्याला पोलीस दंड करू शकत नाहीत. न्यूयॉर्क शहराने हा गुन्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्दच केला. त्याच महिन्यात अमिरातीने तो कडक केला.

डच लोकांबद्दलही आपल्याकडे असाच समज आहे की ते जन्मतःच शहाणे. अजिबात नाही. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यात चारशेहून अधिक मुले होती. लोक रस्त्यावर उतरले, चळवळीचे नावच होते 'बालहत्या थांबवा'. मग त्यांनी रस्ते उकरले. ज्या डेल्फ्टमध्ये मी शिकलो तिथल्याच गल्ल्यांमध्ये वूनर्फ ही कल्पना जन्मली: राहत्या गल्लीत रस्ता नागमोडी करायचा, मध्ये झाडे-बाक ठेवायचे, म्हणजे गाडीला पायाच्या वेगानेच जाता येते. पाटी लावावी लागत नाही, पोलीस उभा करावा लागत नाही. आणि कायद्यात मोटारीची धडक पादचाऱ्याला बसली तर नुकसानभरपाईची जबाबदारी मुळात मोटारवाल्यावर; चौदा वर्षांखालचे मूल असेल तर जवळजवळ संपूर्ण. तिथे मी चार वर्षांत वाटेल तिथून रस्ता ओलांडला, कोणी अडवले नाही. शिस्त माझ्यात आली नव्हती, ती रस्त्यात होती.

"पण इथे ऊन आहे हो, युरोपसारखे थोडेच आहे," हा आक्षेप मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्यालाही उत्तर देतो. ऊन आहे म्हणूनच तर अंतर कमी हवे! उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरी करून घेण्यास याच देशात बंदी आहे, म्हणजे ऊन माणसाला काय करते हे सरकारला पक्के ठाऊक आहे. आणि मोटारी येण्याआधी इथले लोक चालत नव्हते का? दुबईच्या अल फहीदी भागात जा. दोन माणसे जेमतेम शेजारून जातील अशा गल्ल्या, दोन्हीकडून भिंतींची सावली, वर वारा ओढून घेणारे मनोरे. त्या गल्लीला इथे सिक्का म्हणतात. अबुधाबीजवळ मसदारमध्ये आधुनिक वास्तुविशारदांनी तेच तत्त्व पुन्हा वापरले: अरुंद सावलीचे रस्ते आणि ४५ मीटर उंच वाऱ्याचा मनोरा. तिथे चालताना फरक अंगाला कळतो. उन्हावरचा उपाय गाडी हाच एक नाही, सावली हाही आहे.

आणि हे मी, बाहेरून आलेल्या पाहुण्याने, यजमानाला शिकवतो आहे असेही नाही. यजमानाने ते स्वतःच लिहून ठेवले आहे. अबुधाबीच्या नगररचना परिषदेने २०१० च्या सुमारास एक शहरी रस्ते रचना पुस्तिका काढली. ती जगभर नावाजली गेली. तिच्यात काय नाही? पादचाऱ्याला पहिले स्थान, अरुंद लेन, उंचावलेले झेब्रा, सावली, सिक्क्यांचे पुनरुज्जीवन. शिवाय सिग्नलवरचा फ्री राइट कमी करण्याचा आग्रह. (इथे वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे आपला फ्री लेफ्ट तो इथला फ्री राइट. सिग्नलला न थांबता सुसाट वळणारी गाडी आणि पोर्शन सोडून दिलेल्या त्रिकोणी बेटावर अडकलेला माणूस, हे दृश्य दोन्ही देशांत सारखेच.) ज्या रस्त्यांवर ही पुस्तिका उतरली तिथे चालायला मजा येते. पण शहराचा सांगाडा साठ-सत्तरच्या दशकांतला. आत मशीद, दुकाने, घरे असलेले मोठे चौकोन आणि त्यांच्या भोवती रुंद रुंद रस्ते. चौकोनाच्या आत माणूस आरामात चालतो. एका चौकोनातून दुसऱ्यात जायचे म्हटले की परीक्षा सुरू.

दुबईने तर डिसेंबर २०२४ मध्ये 'दुबई वॉक' नावाची योजनाच जाहीर केली. ६,५०० किमी पादचारी मार्ग, त्यातले ३,३०० किमी नवे, ११० पूल आणि भुयारी मार्ग. पायी आणि सायकलसारख्या साधनांनी होणाऱ्या प्रवासाचा वाटा १३ टक्क्यांवरून २०४० पर्यंत २५ टक्के करायचा. उत्तम. पण यातून निघणारा अर्थ बघा. पायी चालायच्या सोयी पुऱ्या व्हायला २०४० उजाडायचे, असे सरकार स्वतः सांगते. आणि पायी चालणाऱ्याची शिक्षा मात्र मार्च २०२५ पासून लागू आहे. माझे म्हणणे एवढेच की हा क्रम उलटा हवा. आधी रस्ता, मग दंड. ज्या ठिकाणी दोनशे मीटरच्या आत ओलांडायची सोय नाही, तिथे पादचाऱ्याला दंड करण्याचा नैतिक हक्क कोणत्याही शहराला नाही, मग ते दुबई असो की धुळे.

पुलांबद्दलही एक इशारा देतो, कारण आपल्याकडचे पुढारी परदेश दौऱ्यावरून नेमकी हीच कल्पना उचलून आणतात. शेख झायेद रस्त्यासारख्या दहा-बारा लेनच्या रस्त्यावर पूल हाच उपाय आहे, वाद नाही. शिवाय तिथला पूल थंड आहे, सरकते जिने आणि सरकते पट्टे आहेत, आणि तो मेट्रोतच उतरतो, म्हणजे जायचे तिथेच नेतो. आपण मुंबईत काय केले? २००८ साली वांद्र्याला पहिला स्कायवॉक उघडला आणि मग एमएमआरडीएने तीसहून अधिक बांधले. काही वापरले जातात. पण अनेक ठिकाणी वर पूल रिकामा आणि खाली माणसांची गर्दी गाड्यांतून वाट काढते आहे. का? कारण गुडघे दुखणाऱ्या आजीला जिने चढवण्यापेक्षा खाली एक सिग्नल बसवणे सोपे होते, पण त्यासाठी गाड्या अर्धा मिनिट थांबवाव्या लागल्या असत्या. साध्या शहरी रस्त्यावर पूल बांधणे म्हणजे पादचाऱ्याची सोय नव्हे. ती पादचाऱ्याला गाड्यांच्या वाटेतून दूर करण्याची सोय आहे.

तर दुबईहून परतणाऱ्या मंडळींनी नेमके काय न्यावे? दंडाची पावती नेऊ नका, ती आपल्याकडे आधीच आहे. खरे तर आपल्याकडे त्याहून चांगली गोष्ट आहे, फक्त कोणी वापरत नाही. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात १९८-अ हे कलम आहे. रस्त्याचे डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा कोणी अपंग झाले, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. रक्कम फुटकळ आहे, मान्य. पण तत्त्व बघा: रस्ता आखणाराही गुन्हेगार असू शकतो! मानके कुठली, तर तीही आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची संहिता १९८८ पासून आहे, २०१२ मध्ये सुधारली, फूटपाथ किमान १.८ मीटर मोकळा हवा असे ती सांगते. पुणे महापालिकेने २०१६ साली स्वतःची रस्ते रचना मार्गदर्शक तत्त्वे केली. जंगली महाराज रस्त्यावर रुंद फूटपाथ करून ती उतरवताही येतात हे दाखवले. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करून पादचारी दिनही पाळते. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की चालण्याजोगा, अतिक्रमणमुक्त फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आता एवढे सगळे असताना उरलेल्या ३६४ दिवशी लक्ष्मी रस्त्यावर काय असते, हे पुणेकरांना मी सांगायला नको.

न्यायची ती गोष्ट दुसरीच आहे: मोजण्याची सवय. २००७ मध्ये ९.५ हा लाजिरवाणा आकडा दुबईने मोजला, जाहीर केला आणि त्याला खाली आणायचे काम एका यंत्रणेच्या गळ्यात बांधले. नाशिक, नागपूर, कोल्हापूर किंवा ठाण्याच्या महापालिकेला विचारा, गेल्या वर्षी तुमच्या हद्दीत किती पादचारी मेले, कुठल्या कुठल्या जागी, आणि त्यातल्या किती जागा तुम्ही नंतर दुरुस्त केल्या? माहितीच्या अधिकारात विचारा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पोलिसांकडे ढकलले जाईल. तिसऱ्याचे उत्तर काय येते ते मला जरूर कळवा.

इथे अमिरातीतही माझी मागणी तीच आहे, फक्त टप्पा पुढचा. प्रत्येक मुखालफ्याची जागा नकाशावर टाका. ज्या जागी वर्षात ठरावीक संख्येच्या वर दंड झाले, ती जागा रस्त्याच्या डिझाइनमधला दोष म्हणून नोंदवा आणि ठरलेल्या मुदतीत तिथे ओलांडायची सोय करा. सोय होईपर्यंत तिथली वेगमर्यादा ५० वर आणा. आणि कोणी मेलेच तर पंचनाम्यात माणसाने काय चूक केली या रकान्याच्या शेजारी रस्त्याने काय चूक केली हाही एक रकाना असू द्या. यात अवघड असे काहीच नाही. कॅमेरे आहेत, पैसे आहेत, पुस्तिका आहे, आणि करून दाखवल्याचा इतिहासही आहे.

तोवर, पुढच्या वेळी दुबईत टॅक्सीतून जाताना दुभाजकावर पिशवी घेऊन उभा असलेला माणूस दिसला, तर "काय हे आपले लोक!" असे म्हणण्याआधी एकच गोष्ट करा. मान वळवून दोन्ही बाजूंना बघा, जवळचा झेब्रा कुठे आहे ते. दिसला तर खुशाल नावे ठेवा.